टोकाला लावलेले बल कुठे जाते? मुक्त दृढ वस्तू सरकते आणि फिरते कशी

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या, मुंबईतल्याच एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न असा आहे. २ किलो वस्तुमानाचा आणि १.२ मीटर लांबीचा एकसारखा दांडा घर्षण नसलेल्या आडव्या पृष्ठभागावर पडला आहे. त्याच्या लांबीला काटकोनात ६ न्यूटन बल एकदा बरोबर मध्यावर लावले आणि एकदा टोकाला लावले. पुस्तकातले उत्तर सांगते की दोन्ही वेळा दांड्याच्या मध्याचे त्वरण सारखेच, म्हणजे ३ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके असते. विद्यार्थ्याची शंका अशी, की टोकाला लावलेल्या बलाचा काही भाग दांडा फिरवण्यात खर्ची पडत असेल, तर पुढे ढकलायला पूर्ण ६ न्यूटन उरतील कसे? शिवाय दांडा नेमका कोणत्या बिंदूभोवती फिरतो, आणि त्याच्या मित्राने दुसऱ्या टोकाभोवती आघूर्ण (बलाचा फिरवण्याचा परिणाम, म्हणजे बल गुणिले त्याचे लंब अंतर) घेऊन काढलेले उत्तर वेगळे का येते, हेही त्याला समजून घ्यायचे आहे.

पुस्तकातले उत्तर बरोबर आहे. बंदरातील अवजड मालाची चढउतार आणि नौकांच्या हालचाली यांच्याशी निगडित अभियांत्रिकीत मी बरीच वर्षे काम केले आहे, आणि हीच शंका पदवी घेऊन नोकरीला लागलेल्या अभियंत्यांच्या मनातही घर करून राहिलेली मी पाहिली आहे. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो. शंकेचे मूळ एका गृहीतकात आहे: बल ही जणू पैशासारखी वस्तू आहे, एका खात्यात भरली की दुसऱ्या खात्याला कमी पडणारी. ऊर्जेच्या बाबतीत हा हिशेब खरा आहे. बलाला तो लागू होत नाही. टोकाला लावलेले ६ न्यूटनचे बल वस्तुमान केंद्राला, म्हणजे इथे दांड्याच्या मध्याला, पूर्ण ६ न्यूटननेच त्वरण देते, आणि त्याच वेळी केंद्राभोवती स्वतःचे पूर्ण आघूर्णही निर्माण करते. दोन्हींत वाटणी होत नाही.

हे असे का, याचे कारण न्यूटनच्या नियमांतच आहे. दांडा म्हणजे असंख्य कणांचा समूह. प्रत्येक कणासाठी त्यावरचे एकूण बल आणि त्याचे वस्तुमान गुणिले त्वरण यांची बरोबरी लिहायची आणि मग या साऱ्या समीकरणांची बेरीज करायची. कण एकमेकांवर जी बले लावतात ती जोडीजोडीने समान आणि विरुद्ध असतात, त्यामुळे बेरजेत ती सगळी नाहीशी होतात आणि उरते ते फक्त बाहेरून लावलेले बल. दुसऱ्या बाजूला उरते एकूण वस्तुमान गुणिले वस्तुमान केंद्राचे त्वरण. या संपूर्ण मांडणीत बल कोणत्या कणावर लावले याचा उल्लेख कुठेच येत नाही. ते मधल्या कणावर असो की टोकाच्या, बेरजेत ते एकदाच आणि तेवढेच मोजले जाते. दांडा दृढ आहे की लवचिक, यानेही हे विधान बदलत नाही. बल कुठे लावले हे महत्त्वाचे ठरते ते दुसऱ्या समीकरणात: केंद्राभोवतीचे बल आघूर्ण म्हणजे केंद्राभोवतीचे जडत्व आघूर्ण (फिरवण्याला वस्तूचा होणारा विरोध) गुणिले कोनीय त्वरण (फिरण्याचा वेग वाढण्याचा दर). न्यूटनने आपले नियम १६८७ मध्ये मांडले, परंतु अवकाशात कोणत्याही दिशेने फिरणाऱ्या दृढ वस्तूची पूर्ण समीकरणे लिओनार्ड ऑयलरने १७५० मध्ये मांडली. मधल्या सहा दशकांचे अंतर लक्षात घेतले, तर या विषयात नवशिक्याला अडखळायला होते यात नवल नाही.

आता दांड्याचे आकडे घालून पाहू. एकसारख्या दांड्याचे केंद्राभोवतीचे जडत्व आघूर्ण म्हणजे वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले १२. आपल्या दांड्यासाठी ते ०.२४ किलोग्रॅम मीटर वर्ग येते. टोकाला लावलेल्या बलाचे केंद्राभोवतीचे आघूर्ण ६ गुणिले ०.६, म्हणजे ३.६ न्यूटन मीटर. म्हणून कोनीय त्वरण १५ रेडियन प्रति सेकंद वर्ग. केंद्राचे त्वरण ३ मीटर प्रति सेकंद वर्ग आहेच. ज्या टोकाला बल लावले आहे त्या टोकाला हे दोन्ही परिणाम एकाच दिशेने मिळतात, म्हणून त्याचे त्वरण ३ अधिक ९, म्हणजे १२. दुसऱ्या टोकाला फिरण्याचा परिणाम उलट दिशेने मिळतो, म्हणून त्याचे त्वरण ३ वजा ९, म्हणजे उणे ६. तुम्ही दांडा पुढे ढकलत आहात आणि त्याचे पलीकडचे टोक तुमच्या दिशेने मागे येत आहे. हा उणे ६ चा आकडा पुढे पुन्हा लागणार आहे.

हे बल फक्त ०.१ सेकंद लावले असे समजा. तेवढ्या वेळात दांडा इतका कमी वळतो की दिशेतला बदल सोडून देता येतो. केंद्राचा वेग ०.३ मीटर प्रति सेकंद होतो आणि त्याची सरळ रेषेतील गतिज ऊर्जा ०.०९ ज्यूल. फिरण्याचा वेग १.५ रेडियन प्रति सेकंद, आणि त्याची ऊर्जा ०.२७ ज्यूल. एकूण ०.३६ ज्यूल. बल मध्यावर लावले असते तर फक्त ०.०९ ज्यूल मिळाले असते. म्हणजे टोकाला लावलेल्या त्याच बलाने, तेवढ्याच वेळात, चौपट ऊर्जा दिली. ही जास्तीची ऊर्जा आली कुठून? कार्य म्हणजे बल गुणिले बल लावलेल्या बिंदूने बलाच्या दिशेने कापलेले अंतर. ०.१ सेकंदात दांड्याचे केंद्र दीड सेंटिमीटर सरकले, पण बल लावलेले टोक सहा सेंटिमीटर सरकले. ६ न्यूटन गुणिले ०.०६ मीटर म्हणजे ०.३६ ज्यूल, हिशेब पैन् पै जुळतो. फिरण्यासाठी लागणारी ऊर्जा सरकण्याच्या ऊर्जेतून कापून घेतलेली नाही. ढकलणाऱ्या हाताला त्याच बलाने जास्त अंतर चालावे लागले आणि त्याने ती स्वतःच्या पदरची दिली.

याच गोष्टीचे दुसरे रूप पाहायचे असेल तर भरीव चकतीच्या कडेवर दोरा गुंडाळा, चकती गुळगुळीत पृष्ठभागावर आडवी ठेवा आणि दोरा स्थिर बलाने ओढा. दोरा मध्यावर बांधून त्याच बलाने ओढला असता चकती जितकी सरकली असती, तितकीच ती आताही सरकते. परंतु दोरा सुटत जात असल्यामुळे तुमचा हात चकतीच्या तिप्पट अंतर जातो, आणि त्यातील दोन तृतीयांश कार्य फिरण्याच्या ऊर्जेत साठते.

मग रोजचा अनुभव उलटे का सांगतो? टेबलावरची पट्टी टोकाला टिचकी मारली की ती जागच्या जागी गरकन फिरते आणि फारशी पुढे जात नाही, हे सर्वांनी पाहिलेले असते, आणि विद्यार्थ्याच्या शंकेला खरे बळ इथूनच मिळते. यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, टेबलाचे घर्षण. दुसरी अधिक महत्त्वाची आहे आणि पाठ्यपुस्तकांत ती क्वचितच स्पष्ट केलेली असते: टिचकी मारताना आपण दोन्ही वेळा सारखे बल लावतच नाही. टोकाचे त्वरण केंद्राच्या चौपट असते, याचाच अर्थ टोकाला बोट लावले की बोटाला दांड्याचे वस्तुमान एक चतुर्थांशच भासते. टोक बोटापुढून चटकन निसटते, बोटाला त्यावर रेटायला वेळ मिळत नाही, आणि दिला गेलेला आवेग, म्हणजे बल गुणिले वेळ, मुळातच कमी भरतो. कमी आवेग दिला म्हणून केंद्राचा वेग कमी झाला. फिरण्याने तो खाल्ला म्हणून नव्हे. आवेग खरोखर सारखा ठेवता आला तर चित्र बदलते. लाकडी ठोकळ्यात खालून बंदुकीची गोळी मारून ती ठोकळ्यातच रुतवण्याचा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. गोळी ठोकळ्यापेक्षा फारच हलकी असल्यामुळे ती मध्यावर लागो की कडेला, आपला जवळजवळ सगळा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) ठोकळ्याला देते, आणि कडेला लागलेला ठोकळा गरगर फिरत असूनही तितक्याच उंचीपर्यंत जातो. तिथे फिरण्याची जास्तीची ऊर्जा येते ती गोळी रुतताना उष्णतेत जाणाऱ्या ऊर्जेतून. कडेला लागल्यावर ती उष्णता किंचित कमी निर्माण होते.

दुसरा प्रश्न, दांडा कोणत्या बिंदूभोवती फिरतो. याचे उत्तर दोन पातळ्यांवर द्यावे लागते. वस्तूची गती केंद्राचे सरकणे आणि केंद्राभोवतीचे फिरणे अशी फोडणे नेहमीच शक्य आणि सोयीचे असते. परंतु स्थिर दांड्याला धक्का बसला त्या क्षणी जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला एक बिंदू तात्पुरता स्थिर दिसतो, कारण त्या बिंदूवर सरकण्याचा वेग आणि फिरण्याचा उलटा वेग एकमेकांना रद्द करतात. आपल्या दांड्यावर तो केंद्रापासून ३ भागिले १५, म्हणजे ०.२ मीटरवर, बलाच्या विरुद्ध बाजूला असतो. एकसारख्या दांड्याला टोकाला धक्का दिला तर हा बिंदू नेहमी धक्क्याच्या टोकापासून दोन तृतीयांश लांबीवर येतो.

हे घरी करून पाहण्यासारखे आहे. कॅरमबोर्डावर पावडर नीट पसरा आणि ३० सेंटिमीटरची साधी लाकडी पट्टी त्यावर आडवी ठेवा. शून्याच्या टोकाजवळ, लांबीला काटकोनात, स्ट्रायकरने जोरदार फटका द्या. फटका बसल्याच्या पहिल्या क्षणी २० च्या खुणेजवळचा भाग जागचा हलत नाही; मोबाईलवर संथ गतीचे चित्रण केले तर हे स्वच्छ दिसते. आता १० च्या खुणेवर फटका द्या: या वेळी स्थिर राहते ते ३० चे टोक. २० वर फटका दिला तर स्थिर राहते शून्याचे टोक. म्हणजे शून्यावर मारले की २० स्थिर, आणि २० वर मारले की शून्य स्थिर. ही अदलाबदल योगायोगाची नाही. केंद्रापासून फटक्याचे अंतर आणि केंद्रापासून स्थिर बिंदूचे अंतर यांचा गुणाकार नेहमी जडत्व आघूर्ण भागिले वस्तुमान इतका असतो, आणि आपल्या पट्टीसाठी तो ७५ चौरस सेंटिमीटर आहे. १५ गुणिले ५, किंवा ५ गुणिले १५. १२ च्या खुणेवर मारले तर स्थिर बिंदू केंद्रापासून २५ सेंटिमीटरवर, म्हणजे पट्टीच्या बाहेर पडतो, आणि पट्टीचा प्रत्येक भाग कमीअधिक वेगाने पुढेच जातो. नेमके मध्यावर मारले तर हा बिंदू अनंत अंतरावर जातो, म्हणजेच पट्टी फिरत नाही. घर्षणाचा परिणाम पुढच्या प्रवासावर होतो. फटक्याच्या अत्यल्प काळात घर्षणाचा आवेग नगण्य असतो, म्हणून हा प्रयोग साध्या साधनांनीही बरा उतरतो.

क्रिकेटच्या बॅटवर चेंडू चुकीच्या जागी बसला की हात झिणझिणतात, त्यामागे याच अदलाबदलीचा वाटा आहे. मूठ जिथे आहे तो बिंदू स्थिर ठेवणारी फटक्याची जागा बॅटच्या पात्यावर शोधायची असेल तर बॅट मुठीच्या त्या जागी सैल लटकवून लहान झोके द्यावेत आणि एका झोक्याचा काळ मोजावा. तो काळ १.५ सेकंद भरला, तर ती जागा लटकवलेल्या बिंदूपासून सुमारे ५६ सेंटिमीटरवर आहे. तितक्याच लांबीच्या साध्या लंबकाचा आंदोलनकाळ १.५ सेकंद असतो. बॅट पूर्णपणे दृढ नसते, तिला कंपने असतात, आणि फलंदाजाला आवडणारी जागा ठरण्यात त्या कंपनांचाही मोठा भाग असतो, हे मात्र इथे नोंदवले पाहिजे.

मित्राचे उत्तर याच ठिकाणी तपासू. त्याने दांडा दुसऱ्या टोकाभोवती फिरतो असे मानले. टोकाभोवतीचे जडत्व आघूर्ण ०.९६, बलाचे आघूर्ण ७.२, म्हणून कोनीय त्वरण ७.५ आणि केंद्राचे त्वरण ४.५. हे गणित चुकलेले नाही. ते वेगळ्याच दांड्याचे आहे, ज्याचे दुसरे टोक खिळ्याने जमिनीला जखडलेले आहे. २ किलोच्या केंद्राला ४.५ त्वरण द्यायला ९ न्यूटन लागतात, आपण लावले ६, मग उरलेले ३ न्यूटन खिळ्याने लावले. दिशाही पाहा: मोकळे टोक मागे येऊ पाहते, खिळा त्याला अडवतो, म्हणून खिळ्याचे बल आपल्याच बलाच्या दिशेने असते. खिळ्यामुळे दांड्याचा मध्य जास्त वेगाने पुढे जातो, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते. पण वरचा उणे ६ चा आकडा डोळ्यासमोर ठेवला की ते पटते. मुक्त वस्तूसाठी आघूर्ण घ्यायचे ते वस्तुमान केंद्राभोवती किंवा जमिनीवरच्या खरोखर स्थिर बिंदूभोवती. वस्तूबरोबर त्वरण घेणाऱ्या अन्य बिंदूभोवती घेतले तर समीकरणात आणखी एक पद वाढते, आणि ते विसरणे ही परीक्षेत गुण घालवणारी चूक आहे. क्षणिक स्थिर बिंदूही वेग काढायला उपयोगी असला, तरी त्याला खिळ्याचा दर्जा देऊ नये.

हाच उणे आकडा मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर रोज पाहायला मिळतो. मोरा किंवा रेवसला जाणारी लाँच धक्क्याला लागून उभी असते. सुटताना खलाशी पुढच्या टोकाला बांबू लावून नेट देतो. पुढचे टोक धक्क्यापासून दूर होते आणि मागचे टोक धक्क्यावर बांधलेल्या टायरांवर येऊन दाबले जाते. नवखा प्रवासी समजतो की पाण्याने लाँच मागे ढकलली. पाण्याचा प्रवाह असो वा नसो, टोकाला ढकललेल्या लांबट मुक्त वस्तूचे दुसरे टोक उलट दिशेने जाणारच. नौकेचे वस्तुमान दांड्यापेक्षा मध्याकडे अधिक एकवटलेले असते, म्हणून तिचा स्थिर बिंदू दांड्याप्रमाणे केंद्रापासून लांबीच्या सहाव्या हिश्शावर न राहता केंद्राच्या अधिक जवळ, साधारण आठव्या हिश्शाच्या आसपास येतो. अर्थात पाण्यातली नौका पूर्ण अर्थाने मुक्त नसते. ती आडवी सरकताना स्वतःबरोबर बरेच पाणीही हलवते, आणि आडव्या गतीसाठी हे जास्तीचे पाणी जवळजवळ नौकेच्या वस्तुमानाइतके भरू शकते. नौका पुढे चालू लागली की ती ज्या बिंदूभोवती वळते तो बिंदू पुढच्या भागाकडे सरकतो, म्हणून चालत्या जहाजाला वळवायला बंदरातले पायलट (जहाजाला वाट दाखवणारे) टगचा, म्हणजे जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या ताकदवान बोटीचा, जोर मागच्या बाजूला घेणे पसंत करतात. तिथे तरफेचा हात लांब मिळतो. थांबलेल्या जहाजासाठी मात्र वर सांगितलेला हिशेब पहिला अंदाज म्हणून चांगला चालतो.

मागचे टोक धक्क्यापासून सोडवण्याची खलाशांची रीत या विषयातल्या आणखी एका कल्पनेकडे नेते. पुढच्या भागातून एक दोर मागच्या दिशेने नेऊन धक्क्यावरच्या खुंट्याला घट्ट ठेवतात, सुकाणू धक्क्याच्या बाजूला वळवतात आणि इंजिन हळू पुढे चालवतात. पंखा नौकेला पुढे रेटतो, दोर तिला मागे ओढतो. ही दोन बले जवळजवळ समान आणि विरुद्ध, पण एका रेषेत नसलेली. सुकाणूवर आदळणारे पाणी त्यात आपली भर घालते. परिणामी नौका पुढे फारशी जात नाही, पण मागचे टोक सावकाश धक्क्यापासून बाहेर येते. अशा समान, विरुद्ध आणि समांतर बलांच्या जोडीला बलयुग्म म्हणतात, आणि ही कल्पना लुई प्वान्सो या फ्रेंच गणितज्ञाने १८०३ मध्ये स्पष्टपणे मांडली.

बलयुग्माचा गुणधर्म मला या संपूर्ण विषयातला सर्वांत सुंदर वाटतो. मुक्त दांड्याच्या एका टोकाजवळ, दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतरात, बोटांच्या चिमटीने पिळल्यासारखे बलयुग्म लावले, तर दांडा त्या चिमटीभोवती फिरेल असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. बलांची बेरीज शून्य, म्हणून केंद्राला त्वरण नाही. दांडा आपल्या वस्तुमान केंद्राभोवतीच फिरू लागतो, आणि चिमटीतले टोक बाजूला निसटते. बलयुग्म वस्तूवर कुठेही लावा, परिणाम तोच. उपग्रहाची दिशा बदलण्यासाठी त्याच्या आतली चाके वेगाने फिरवतात, तेव्हा ते चाक उपग्रहाच्या मध्यावरच बसवले पाहिजे असे बंधन नसते, ते यामुळेच. आणि टोकाला लावलेले कोणतेही एकटे बल म्हणजे केंद्रावर लावलेले तेवढेच बल अधिक एक बलयुग्म, असे लिहिता येते. विद्यार्थ्याच्या मूळ शंकेचे उत्तर एका ओळीत हवे असेल तर ते हेच आहे.

आतापर्यंत बल क्षणभर लावले होते. ते लावतच राहिले तर? इथे प्रश्नात न लिहिलेली एक अट महत्त्वाची ठरते: बलाची दिशा जमिनीच्या संदर्भात स्थिर आहे, की दांड्याबरोबर वळते? टोकाला दोर बांधून तो सतत एकाच दिशेने ६ न्यूटनने ओढला, तर केंद्राचे त्वरण अखेरपर्यंत ३ च राहते, आणि दांडा दोराच्या रेषेत येईपर्यंत वळतो, तिथे त्याचा फिरण्याचा वेग सुमारे ५.५ रेडियन प्रति सेकंद असतो, मग तो रेषा ओलांडून दुसऱ्या बाजूला जातो आणि लंबकासारखा हेलकावत राहतो. याउलट टोकावर एक लहान रॉकेट बसवले आणि त्याचा रेटा सतत दांड्याला काटकोनात राहिला, तर बलाचा आकार स्थिर राहूनही दिशा दांड्याबरोबर फिरत जाते, आणि तीही अधिकाधिक वेगाने. पहिल्या एका सेकंदातच दांडा साडेसात रेडियन, म्हणजे एका फेऱ्याहून अधिक वळतो. पुढच्या प्रत्येक फेऱ्यात वेगवेगळ्या दिशांना मिळालेले संवेग एकमेकांना जवळजवळ रद्द करतात. गणित पूर्ण केले तर केंद्राचा वेग वाढत न राहता सुमारे ०.९७ मीटर प्रति सेकंद या आकड्याभोवती स्थिरावतो, आणि त्याची दिशा सुरुवातीच्या बलापासून फिरण्याच्या बाजूला ४५ अंश वळलेली असते. दांडा मात्र गरगरतच जातो. ‘फिरण्यामुळे पुढे जाणे कमी झाले’ असे म्हणायला थोडीफार जागा असेल तर ती इथे आहे, आणि तीही बलाची दिशा बदलत गेली म्हणून.

शेवटी एक मर्यादा. हे सारे एका प्रतलातल्या गतीबद्दल झाले, जिथे जडत्व आघूर्ण हा एकच आकडा पुरतो. वस्तू हवेत मोकळी सोडली की केंद्राचा नियम जसाच्या तसा राहतो, पण फिरण्याचा नियम बराच अवघड होतो, कारण वेगवेगळ्या अक्षांभोवती जडत्व आघूर्ण वेगळे असते आणि कोनीय वेग व कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग) यांच्या दिशा एक राहतीलच असे नाही. जाड पुस्तक रबरबँडने बांधून घ्या आणि गादीवर उभे राहून ते वर उडवा. पानांना लंब असलेल्या अक्षाभोवती फिरवले तर ते स्थिर फिरते. कण्याला समांतर असलेल्या लांब अक्षाभोवती फिरवले तरीही. परंतु उरलेल्या तिसऱ्या अक्षाभोवती, ज्याचे जडत्व आघूर्ण मधले आहे, कोलांटी दिली तर पुस्तक हवेत स्वतःहून अर्धी गिरकी घेते, कितीही काळजीपूर्वक फेकले तरी. त्यावर कोणतेही आघूर्ण नसते. गुरुत्वाकर्षण केंद्राभोवती वस्तू फिरवत नाही. हा ऑयलरच्या समीकरणांचाच परिणाम आहे, आणि १९८५ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमीर जानिबेकोव्ह यांनी अंतराळ स्थानकात सुटलेल्या, पंखासारखे दोन कान असलेल्या एका नटवर तो पाहिल्यापासून त्यांच्या नावानेही ओळखला जातो.

वस्तू दृढ नसेल तर याहून पुढची अडचण येते. १९५८ च्या जानेवारीअखेरीस सोडलेला अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर १ हा सुमारे दोन मीटर लांबीचा, बारीक नळकांड्यासारखा होता, आणि तो लांब अक्षाभोवती, म्हणजे सर्वांत कमी जडत्व आघूर्णाच्या अक्षाभोवती, फिरत ठेवलेला होता. पूर्ण दृढ वस्तूसाठी ही स्थिती स्थिर आहे. परंतु त्याच्या चार लवचिक अँटेना हलत राहिल्या, त्यांत फिरण्याची ऊर्जा थोडी थोडी उष्णतेत गेली, कोनीय संवेग मात्र बाहेरचे आघूर्ण नसल्यामुळे तितकाच राहिला. तेवढाच कोनीय संवेग कमीत कमी ऊर्जेत सामावून घेणारी एकच अवस्था असते, सर्वाधिक जडत्व आघूर्णाच्या अक्षाभोवती फिरण्याची. आणि काही तासांतच उपग्रह त्या अवस्थेला पोचून आडवा गडगडू लागला. तेव्हापासून स्वतःभोवती फिरवून स्थिर ठेवायच्या उपग्रहांची घडण साधारणपणे अशी करतात, की फिरण्याच्या अक्षाभोवतीचे जडत्व आघूर्ण बाकीच्या दोन्हींपेक्षा जास्त असावे.